एकच नाव, पाच गाड्या : जुनी होंडा सिटी घ्यावी की नवी?

जुन्या गाड्यांच्या कुठल्याही मोठ्या बाजारात एक दृश्य हमखास दिसतं. एकाच रांगेत 'सिटी' नावाच्या तीन-चार गाड्या उभ्या असतात. एक बसकी आणि टोकदार, एक उंच आणि गोलसर, एक लांबलचक. काचेवर साल लिहिलेलं असतं : २००७, २०१२, २०१६, २०२१. गिऱ्हाईक साल वाचतं, वजाबाकी करून वय काढतं, आकडा विचारतं आणि घासाघीस सुरू होते.

ही वजाबाकीच आपल्याला फसवते. गाडीचं वय आणि गाडीचं साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वय सांगतं की पत्रा, रबर आणि बेअरिंग किती झिजले असतील. साल सांगतं की ती गाडी कोणत्या पिढीची आहे, कोणत्या कायद्याच्या अलीकडे किंवा पलीकडे बनली आणि कोणतं इंधन पचवायला बनली. झीज पैसे खर्चून भरून काढता येते. सालाने ठरवलेल्या गोष्टी मात्र कोणत्याही गॅरेजात बदलून मिळत नाहीत. आपल्या मध्यमवर्गाने पंचवीसहून अधिक वर्षं जिच्याकडे 'घरची मोठी गाडी' म्हणून पाहिलं त्या सिटीच्या निमित्ताने, जुनं साल घ्यावं की नवं, या प्रश्नाचा हा आढावा.

पाच पिढ्या

आशियातल्या बाजारांसाठी बेतलेली ही सिटी १९९६ मध्ये थायलंडमध्ये आली आणि जानेवारी १९९८ मध्ये भारतात. होंडा आणि सिएल यांच्या भागीदारीतल्या कंपनीचा कारखाना ग्रेटर नोएडाला होता. सुरुवातीला १.३ आणि १.५ लिटरची पेट्रोल इंजिनं होती. २००० मध्ये १.५ लिटरचं व्हीटेक इंजिन आलं आणि त्याने १०६ पीएस शक्ती दिली. व्हीटेकमध्ये इंजिनाचे फेरे वाढले की व्हॉल्व्ह अधिक उघडणारा वेगळा कॅम काम करू लागतो. त्यामुळे गावात शांत चालणारी गाडी घाटात एकदम जिवंत होते. वजनाला हलक्या असलेल्या त्या गाडीचा पिकअप आजही लोकांच्या आठवणीत आहे.

नोव्हेंबर २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीने सगळ्यांना चकित केलं. नवी गाडी, पण शक्ती सुमारे ७८ पीएसवर उतरलेली. प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण आठ स्पार्क प्लग असलेलं आय-डीएसआय इंजिन इंधन जास्तीत जास्त पूर्ण जाळण्यासाठी बनवलं होतं, पळण्यासाठी नव्हे. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटांखाली नेल्यामुळे मागे जागा मोकळी झाली आणि छतही उंच झालं. ज्यांना वेग हवा होता ते हिरमुसले. ज्यांच्या घरात आजी-आजोबा होते ते खूश झाले. पुढे याच पिढीत व्हीटेक इंजिनही मिळू लागलं आणि २००५ मध्ये झेडएक्स हे सुधारित रूप आलं.

सप्टेंबर २००८ ची तिसरी पिढी बाणासारख्या आकाराची होती. तिचं १.५ लिटर आय-व्हीटेक इंजिन ११८ पीएस देत होतं. जानेवारी २०१४ मध्ये चौथी पिढी आली आणि सिटीला पहिल्यांदा डिझेल इंजिन मिळालं : १०० पीएस, २०० न्यूटन-मीटर आणि सहा गिअर. पाचवी पिढी जुलै २०२० मध्ये आली. तिच्यात मे २०२२ मध्ये हायब्रिडची भर पडली आणि मार्च २०२३ च्या सुधारणेत डिझेल बंद झालं.

आता मुख्य गोम. पाचवी पिढी आल्यावरही चौथी पिढी लगेच थांबली नाही. काही काळ दोन्ही शेजारी-शेजारी विकल्या जात होत्या. म्हणजे आरसीवर '२०२१' असलेली सिटी चौथ्या पिढीचीही असू शकते आणि पाचव्याही. वय तेच, नाव तेच, गाड्या दोन. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी साल विचारताना 'कुठली पिढी आणि कुठलं व्हेरिएंट' हेही विचारायलाच हवं.

आकड्यांत काय वाढलं, काय नाही

पिढ्यांचे आकडे शेजारी मांडले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. २००८ च्या इंजिनाची शक्ती ११८ पीएस, २०२० च्या इंजिनाची १२१. बारा वर्षांत तीन पीएस. खेचण्याची ताकद तर १४६ न्यूटन-मीटरवरून १४५ वर आली. मॅन्युअल पेट्रोलचं प्रमाणित मायलेज २०१४ ला लिटरमागे १७.८ किलोमीटर होतं आणि २०२० लाही १७.८. नवं इंजिन अधिक स्वच्छ आहे, प्रदूषणाचे कितीतरी कडक नियम पाळतं, सहावा गिअर असल्याने महामार्गावर कमी फेऱ्यांत चालतं. पण 'नवी म्हणजे जास्त पळणारी आणि जास्त मायलेज देणारी' असा हिशेब असेल तर पेट्रोल सिटीत तो जुळत नाही.

वाढली ती जागा. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर पहिल्या पिढीत २४०० मिलिमीटर होतं. ते दुसरीत २४५०, तिसरीत २५५० आणि चौथीत २६०० झालं. हे वीस सेंटिमीटर जवळजवळ सगळे मागच्या सीटवरच्या माणसाच्या गुडघ्यांना मिळाले. पाचव्या पिढीत हे अंतर तेवढंच राहिलं, पण गाडी रुंद झाली आणि लांबी ४५४९ मिलिमीटरवर गेली. मागे तिघे बसणार असतील तर चौथी आणि पाचवी यांतला फरक खांद्यांना जाणवतो. मागे दोघेच बसत असतील तर तो फरक विसरण्याइतका लहान आहे.

एक तक्रार मात्र कुठल्याच सालाने पूर्ण मिटवली नाही. ही बसकी गाडी आहे. गुडघेदुखी असलेल्या माणसाला तिच्यात 'उतरून' बसावं लागतं आणि 'चढून' बाहेर यावं लागतं. गावाकडच्या उंच गतिरोधकावर, पाच माणसं आणि भरलेली डिकी असताना, पोट घासण्याची भीतीही राहते. घरात साठीपुढची माणसं असतील तर गाडी बघायला जाताना त्यांना बरोबर न्या आणि दोनदा बसवून-उठवून पाहा. एखादं व्हेरिएंट नाकारायला तेवढं कारण पुरेसं आहे.

सालांच्या चार रेषा

जुनं-नवं ठरवताना मी चार तारखा डोळ्यांसमोर ठेवतो.

पहिली, १ जानेवारी २००९. त्या दिवसापासून बनलेल्या आपल्या गाड्यांच्या इंधनमार्गातले भाग वीस टक्के इथेनॉल सोसू शकतात, असं होंडाने सांगितलं आहे. आता पंपावर बहुतेक ठिकाणी तेच पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा धरतं आणि जुन्या जातीच्या रबराला, नळ्यांना त्रास देतं. त्यामुळे पहिल्या दोन पिढ्यांची गाडी घेणाऱ्याने इंधनाच्या नळ्या आणि सील बदलण्याचा खर्च धरूनच चालावं. भाग टिकले तरी मायलेज थोडं घटतंच, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, अशा इंधनासाठी न बनलेल्या चारचाकींत ही घट सहा-सात टक्क्यांची असेल असं म्हटलं होतं.

दुसरी रेषा २०१९ ची. त्या एप्रिलपासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं आणि १ जुलैपासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा आवाज आणि वेगाचा इशारा. त्याआधीच्या गाड्यांत या गोष्टी व्हेरिएंटवर अवलंबून होत्या.

तिसरी रेषा १ एप्रिल २०२०, म्हणजे बीएस-६. पेट्रोल सिटी घेणाऱ्याला तिने फारसा त्रास होत नाही. डिझेलच्या बाबतीत मात्र धुराची काजळी अडवणारा फिल्टर आला. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत हा फिल्टर तापत नाही, काजळी जळत नाही आणि तो तुंबतो. रोजचं काम शाळा, भाजी आणि ऑफिसपुरतं असेल तर २०२० नंतरची डिझेल सिटी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथी रेषा २०२३ ची. त्या एप्रिलपासून प्रत्यक्ष रस्त्यावरचा धूर मोजणारे कडक नियम लागू झाले. त्याच सुमारास सिटीच्या पेट्रोल गाड्यांतही, समोरच्या गाडीवर आदळण्याचा धोका दिसला की स्वतः ब्रेक लावणारी कॅमेऱ्याची यंत्रणा आली.

सुरक्षितता : इथे तडजोड नको

पिकअप, मायलेज, गादी, टचस्क्रीन या सगळ्यांत आवडीनिवडीला जागा आहे. अपघातात घरची माणसं वाचतात की नाही, यात नाही. आणि नवं साल इथेच निर्विवाद वरचढ ठरतं.

ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये भारतातली चौथ्या पिढीची सिटी आदळून पाहिली. मोठ्यांच्या आणि मुलांच्या दोन्ही सुरक्षेत तिला चार तारे मिळाले. त्या परीक्षेचे निकष तेव्हा आजच्यापेक्षा सौम्य होते आणि गाडीत घसरण रोखणारी स्थिरता यंत्रणा नव्हती. पाचव्या पिढीत ती यंत्रणा आली. ओल्या रस्त्यावर अचानक स्टिअरिंग फिरवावं लागलं तर ती एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून गाडी सरळ ठेवते. पावसाळ्यात कशेडी किंवा आंबा घाट उतरणाऱ्याला तिचं मोल सांगावं लागणार नाही. पाचव्या पिढीला आग्नेय आशियातल्या एसियान एनकॅपने पाच तारे दिले आहेत. तुलनेसाठी सांगायचं तर आपल्या चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया यांना २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या कडक झालेल्या निकषांवर पाच तारे मिळाले. नव्या सेदानचा विचार करणाऱ्याने त्यांच्याकडेही पाहावं.

इथेही व्हेरिएंटची भानगड आहेच. २०१७ च्या सुधारित चौथ्या पिढीत सगळ्यात वरच्या व्हेरिएंटला सहा एअरबॅगा होत्या, खालच्यांना दोन. त्यामुळे २०१७ ची वरची गाडी आणि २०१९ ची खालची गाडी यांत निवडायची वेळ आली, तर मी दोन वर्षांनी जुनी असलेली २०१७ ची निवडेन.

जुनी सिटी घेणाऱ्याने विसरू नये अशी आणखी एक गोष्ट म्हणजे तकाता कंपनीच्या एअरबॅगा. उष्णता आणि दमटपणाने त्यांच्यातला स्फोटक पदार्थ वर्षानुवर्षं खराब होत जातो आणि अपघातात एअरबॅग उघडताना तिचं धातूचं कवच फुटून तुकडे माणसाला लागू शकतात. जगभरात अनेक कंपन्यांनी कोट्यवधी गाड्या यासाठी परत बोलावल्या. भारतात जुन्या सिटीही त्यांत होत्या. कोकणासारख्या दमट, उष्ण हवेत वाढलेल्या गाडीसाठी हा धोका जास्त. चॅसिस नंबर दिला की तिचं हे काम झालं आहे की बाकी आहे, ते कंपनीकडून कळतं आणि बदलाचे पैसे पडत नाहीत. सौदा होण्याआधी ही चौकशी करणं एवढ्या कारणासाठी कुणालाही जड वाटू नये.

आणि शेवटची गोष्ट, जी कुठलंही साल भरून काढू शकत नाही : मागच्या सीटचा पट्टा. २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते, पट्टा बांधलेला नव्हता, गाडी महागडी आणि सुसज्ज होती. पट्टा बांधलेला नसेल तर २०२५ ची गाडीही मागच्या माणसाला १९९८ चीच ठरते.

जुन्याची बाजू

जुनं साल वाईट, असा याचा अर्थ नाही. जुन्या गाडीचं यंत्र उघडं आणि समजण्यासारखं असतं. तिसऱ्या पिढीचं इंजिन आणि मॅन्युअल गिअरबॉक्स गल्लीतला चांगला मिस्त्रीही ओळखतो. भाग सहज मिळतात. बंपरमागे रडार नाही, काचेला कॅमेरा नाही, त्यामुळे किरकोळ ठोकर लागली तर खर्च पत्र्यापुरताच राहतो. नव्या गाडीत पुढची काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

प्रत्येक पिढीची देखभाल मात्र वेगळी आहे. पहिल्या पिढीच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो शेवटचा कधी बदलला हे मालकाला सांगता येत नसेल तर बदललेला नाही असंच समजावं. दुसऱ्या पिढीपासून चेन आली आणि ती काळजी संपली, पण आय-डीएसआयमध्ये आठ प्लगांचा खर्च आला. सीव्हीटी गिअरबॉक्स कोणत्याही सालाचा असो, त्याला त्याच्यासाठी सांगितलेलंच तेल लागतं. तेल बदलल्याच्या पावत्या नसतील तर ती गाडी सोडून द्यावी.

हायब्रिडचा प्रश्न वेगळा आहे. तिच्यात दोन मोटारी आहेत. गावात बहुतेक वेळ मोटार चाकं फिरवते आणि इंजिन वीज बनवतं, तर महामार्गावर इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. २०२३ च्या गाडीचं प्रमाणित मायलेज २७.१३ आहे. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्याचे प्रमाणित आकड्यांनुसार जवळजवळ १९ लिटर वाचतात. पेट्रोल लिटरमागे शंभर रुपये धरलं तर वर्षाला तेवीस हजारांच्या आसपास. किमतीतला काही लाखांचा फरक भरून निघायला त्यामुळे बरीच वर्षं लागतात. शिवाय बॅटरीमुळे डिकी ५०६ लिटरवरून ३०६ वर आली. वर्षातून चार वेळा सगळं कुटुंब गावी जाणार असेल तर हे दोनशे लिटर गणपतीच्या सामानाला कमी पडतील. मात्र रोज पन्नास-साठ किलोमीटर शहराच्या गर्दीत काढणाऱ्याला सिटीच्या सगळ्या सालांत याहून शहाणी गाडी नाही.

पैसा आणि कागद

गाडी सगळ्यात जास्त किंमत सुरुवातीच्या वर्षांतच गमावते. विमा कंपन्यांची घसाऱ्याची पद्धत पाहा : पहिल्या सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, वर्षापर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस, पाचपर्यंत पन्नास. बाजारभाव नेमका असाच चालत नाही, पण दिशा हीच. तीन ते पाच वर्षांची गाडी घेणाऱ्याला पहिल्या मालकाने सोसलेल्या या घसरणीचा फायदा मिळतो. विक्रेत्याच्या विम्यावरची नो-क्लेमची सूट मात्र गाडीबरोबर येत नाही, ती मालकाचीच असते.

सप्टेंबर २०२५ मध्ये करही बदलला. चार मीटरहून लांब आणि दीड लिटरपर्यंतच्या इंजिनाच्या पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १७ टक्के उपकर असे ४५ टक्के पडत होते, ते ४० झाले. नवी गाडी उतरली की जुनीनेही उतरायला हवं. जुन्या बाजारात आधीच्या महाग किमतीचा दाखला देऊन भाव सांगितला जात असेल तर आजच्या शोरूमचा भाव हातात घेऊनच बोलणी करावीत.

पंधरा वर्षांची सीमा ओलांडलेल्या गाडीची पुन्हा नोंदणी करावी लागते. तपासणी, पर्यावरण कर आणि एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झालेलं शुल्क, आणि हे सगळं दर पाच वर्षांनी. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेटही बसवावी लागते. ती बसली आहे का, पाहून घ्या. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर वर्षानुवर्षं बंधनांची टांगती तलवार राहिल्याने तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत विकल्या जातात. अशी गाडी स्वस्त दिसली तरी इथला रोड टॅक्स आणि पासिंगचा खर्च किमतीत धरा. कर्ज फिटल्यानंतरही आरसीवर बँकेचं नाव राहिलेलं असेल तर ते आधी काढून घ्या.

बघताना

आरसीवर नोंदणीच्या तारखेशिवाय उत्पादनाचा महिना आणि वर्षही असतं. डिसेंबरात बनून पुढच्या वर्षी पासिंग झालेली गाडी विक्रेता पुढच्याच सालाची म्हणून सांगतो.

दुसरी तपासणी पुराची. मुंबईचा २००५, कोल्हापूर-सांगलीचा २०१९, चिपळूणचा २०२१. प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. एका मित्रासाठी मी गाडी पाहायला गेलो होतो. रंग लख्ख, सीटला नवी कव्हरं. सहज मागचा पट्टा शेवटपर्यंत ओढला, तर टोकाच्या हातभर भागावर मातीची पिवळी रेघ होती. डिकीतली गादी उचलली तर स्टेपनीच्या खड्ड्यात गंज. त्या दिवसापासून मी आधी पट्टा ओढतो आणि मगच बोनेट उघडतो.

मग घ्यावी कोणती?

पहिली आणि दुसरी पिढी आता हौसेची गाडी आहे. गॅरेजात वेळ घालवण्याची आवड असेल आणि घरी दुसरी गाडी असेल तरच ती घ्यावी. तिसरी पिढी नव्याने गाडी शिकणाऱ्याला, कमी बजेटच्या आणि कमी धावणाऱ्या घराला चालेल. तिच्यातल्याही बहुतेक गाड्यांनी पंधरा वर्षं गाठली आहेत किंवा गाठत आल्या आहेत, त्यामुळे नोंदणीचा खर्च आणि एअरबॅगेची चौकशी आधी. चौथ्या पिढीची २०१७ नंतरची, वरच्या व्हेरिएंटची, पावत्यांसह पेट्रोल गाडी हा पैशाच्या दृष्टीने आज सगळ्यात चांगला सौदा आहे. मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन पावसाळ्यात घाट चढणार-उतरणार असाल, तर थोडं थांबून, थोडे जास्त साठवून पाचव्या पिढीची तीन-चार वर्षांची गाडी घ्यावी, असं मी मनापासून सांगेन. कोरी गाडी त्यांनीच घ्यावी, ज्यांना ती दहा वर्षं वापरायची आहे. तीन वर्षांत बदलायची असेल तर घसरणीचा सगळा भार आपल्याच खिशावर पडतो.

मित्राची ती पुरात बुडालेली गाडी सालाने तीनच वर्षांची होती. त्याने ती सोडली आणि दोन महिन्यांनी तिच्याहून चार वर्षांनी जुनी सिटी घेतली, वरच्या व्हेरिएंटची, एकाच मालकाची, सगळ्या पावत्यांसह. आता त्याच्या गाडीत मागे बसलं की दारं लागण्याआधी त्याची आई आपला पट्टा बांधते आणि मग आमच्याकडे पाहते.